बावन्न की पन्नास-दोन?
संख्यांची नावे, मुलांचा विचार आणि सीमेवरची शाळा

दुसऱ्या इयत्तेच्या वर्गात मुलांना 'बावन्न' लिहावयास सांगावे. काही मुले बिनचूक ५२ लिहितात, काही थबकून शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहतात, आणि काही मुले मोठ्या आत्मविश्वासाने २५ लिहून पाटी वर धरतात. 'एकोणसाठ' सांगितले तर ६९ लिहिणारी मुलेही हमखास सापडतात. ही मुले वर्षानुवर्षे बदलत असतात. चुका मात्र त्याच असतात. पालकांना बोलावून पाटी दाखविली की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "गुरुजी, पोरगं गणितात मठ्ठच आहे." मूल ते ऐकत असते. सात वर्षांच्या जिवाला आपण गणितात मठ्ठ असल्याचे एकदा कळले की पुढची दहा वर्षे ते मूल त्या शब्दाचा मान राखीत जाते.

वस्तुतः २५ लिहिणाऱ्या मुलाने विचार केलेला असतो. 'बावन्न' ह्या शब्दात त्याला आधी 'बा' ऐकू आला, तो दोनाचा अंश आहे हे त्याने ओळखले आणि ऐकले त्या क्रमाने प्रथम २ लिहिला. 'एकोणसाठ' मध्ये साठ ऐकले म्हणून ६ लिहिला. मुलाची चूक ही त्याच्या विचाराची पायवाट असते. त्या पायवाटेने मागे गेले म्हणजे जी अडचण दिसते ती बुद्धीची नसून बहुधा शब्दाची असते. भाषा आणि विचार ह्यांचा संबंध मानसशास्त्राच्या ग्रंथांतून पुष्कळ चर्चिला गेला आहे. तोच संबंध आपल्या घरातील मुलांच्या तोंडच्या उजळणीत कसा दिसतो, हे पाहण्याचा ह्या लेखात विचार आहे.

लोंढ्याची भाषिक कुंडली

आमचे लोंढे हे खानापूर तालुक्यातील जंगलाने वेढलेले रेल्वेचे जंक्शन. पुण्याहून मिरज-बेळगावमार्गे आलेला लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा कॅसलरॉक आणि दूधसागरावरून गोव्यात उतरतो, दुसरा धारवाड-हुबळीकडे जातो. गाड्यांप्रमाणे भाषांचेही येथे जंक्शन झालेले आहे. घरात मराठी वा कोंकणी, कचेरीत आणि बसमध्ये कन्नड, फलाटावर हिंदी, कोठे उर्दू, आणि रेल्वेच्या नोकरीनिमित्त दुरून आलेल्या कुटुंबांच्या आपापल्या बोली. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला, आणि येथील मराठी शाळांतून कन्नड ही अभ्यासाची भाषा म्हणूनही शिकविली जाते.

परिणामी येथील मूल दोन वेळा मोजावयास शिकते : एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये. कित्येकदा असे दिसते की जे मूल 'बावन्न' ला अडखळते तेच मूल कन्नडच्या तासाला 'ऐवत्तेरडु' ऐकून ५२ बिनचूक लिहिते. कन्नड ही त्याची परकी भाषा, मराठी घरची. आणि तरीही संख्या परक्या भाषेत सोपी जावी, ह्याचे कारण दोन्ही भाषांच्या घडणीत शोधावे लागते.

'दोन' कोठे लपले?

मराठीत एकक स्थानी दोन असलेल्या शंभराच्या आतील दोन-अंकी संख्या नऊ आहेत : बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी आणि ब्याण्णव. ही नावे मोठ्याने म्हणून पाहावीत. नवांपैकी एकाही नावात 'दोन' हा शब्द नाही. बा, ब, बे, ब्या अशी त्याची रूपे पालटली आहेत. पन्नासाचीही तीच गत. बावन्नात तो 'वन्न' झाला, त्रेपन्नात 'पन्न' झाला, पंचावन्नात पुन्हा 'वन्न' झाला. मूळ संस्कृत 'द्वापञ्चाशत्' प्राकृतातून झिजत झिजत आपल्यापर्यंत 'बावन्न' म्हणून पोहोचला. नदीतला गोटा गुळगुळीत व्हावा तसा तो शब्द गुळगुळीत झाला; पण दोन आणि पन्नास ह्यांचे सांधे त्यातून बुजून गेले.

एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ह्या मालिकेची तऱ्हा आणखी वेगळी. 'ऊन' म्हणजे उणे. एकाने उणे वीस ते एकोणीस. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही वजाबाकी चालते, आणि नव्याण्णवाशी येताच नियम मोडून पुन्हा बेरीज सुरू होते. मुलाने ज्याला अजून बेरीजच नीट कळलेली नाही अशा वयात नावातली वजाबाकी ओळखावी, अशी आपली अपेक्षा असते. तेव्हा एकवीसपासून नव्याण्णवपर्यंतची नावे मराठी मुलाला जवळजवळ एकेक करून पाठच करावी लागतात.

आता कन्नड पाहू. हन्नेरडु, इप्पत्तेरडु, मूवत्तेरडु, नलवत्तेरडु, ऐवत्तेरडु, अरवत्तेरडु, एप्पत्तेरडु, एंबत्तेरडु, तोंबत्तेरडु. नऊच्या नऊ नावांच्या शेवटी 'एरडु' म्हणजे दोन स्पष्ट उभे आहे. आधी दशक, मग एकक. जसे लिहावयाचे तसेच बोलावयाचे. एकोणतीस म्हणजे इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. अकरा ते एकोणीस ह्या नावांत थोडी मोडतोड आहे, पण विसाच्या पुढे ज्याला एक ते नऊ आणि दशकांची नावे आली त्याला शंभरापर्यंतची वाट मोकळी झाली. तामिळ आणि तेलुगू ह्याही द्रविड भाषा अशाच सरळ आहेत. तेलुगूत बावन्न म्हणजे 'याभै रेंडु', पन्नास दोन. उलट हिंदी, गुजराती, कोंकणी ह्या आपल्या भगिनी-भाषांत आपल्यासारखीच झिजलेली नावे आहेत. बडोद्याच्या किंवा इंदूरच्या मराठी मुलाला शेजारच्या भाषेकडून ह्या बाबतीत फारशी मदत होत नाही. हैदराबादच्या, तंजावरच्या किंवा बेळगावच्या मुलाला मात्र होऊ शकते.

इतर देशांचा अनुभव

ही अडचण केवळ आपलीच आहे असे नाही. चिनी भाषेत अकरा म्हणजे 'दहा एक', बारा म्हणजे 'दहा दोन', वीस म्हणजे 'दोन दहा'. केविन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चीनमधील आणि अमेरिकेतील तीन ते पाच वर्षांच्या मुलांची तुलना केली होती. एक ते दहा मोजण्यात दोन्हीकडची मुले सारखीच होती. फरक पडला तो दहाच्या पुढे, इंग्रजीतील 'इलेव्हन', 'ट्वेल्व्ह' ह्या आडवळणी नावांशी. विशेष असे की समोरच्या वस्तू मोजण्यात किंवा साधी कोडी सोडविण्यात दोन्हीकडच्या मुलांत तसा फरक आढळला नाही. म्हणजे चिनी मुले अधिक बुद्धिमान होती असे नव्हे. त्यांच्या भाषेने त्यांच्यापुढचा एक दगड आधीच बाजूला केला होता.

जर्मन भाषेत बावन्न म्हणजे 'दोन आणि पन्नास'. तेथील मुलेही आमच्या मुलांसारखीच ५२ च्या जागी २५ लिहितात आणि त्यांच्या लेखनातील चुकांत अशा उलटापालटीचा वाटा मोठा असतो, असे ऑस्ट्रियातील शाळकरी मुलांच्या अभ्यासात दिसून आले आहे. नॉर्वे देशात पूर्वी असेच 'दोन आणि पन्नास' म्हणत. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना घोटाळे होऊ लागले, तेव्हा १९५१ साली तेथील शासनाने कायदेशीर रीतीने 'पन्नास-दोन' ही पद्धत स्वीकारली. शाळा आणि कचेऱ्या बदलल्या. घरांतून मात्र जुनी पद्धत आजही पुष्कळ ठिकाणी चालू आहे. भाषेच्या बाबतीत आज्ञा शाळेपर्यंत पोहोचते. उंबरठा ओलांडून माजघरात जावयाला तिला पिढ्या लागतात.

महाराष्ट्रातही हा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस ह्या नावांबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन देण्यात आले. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर ह्यांचे म्हणणे असे होते की जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट क्रमाची ही नावे अनेक मुलांच्या मनात गणिताची भीती निर्माण करतात. त्यावर महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! विधिमंडळात चर्चा झाली, व्यंगचित्रे निघाली, भाषेच्या ऱ्हासाची हाकाटी झाली. 'गणितगप्पा' सारखे पुस्तक लिहून ज्यांनी मराठी मुलांना गणिताची गोडी लावली त्या विदुषी २०२३ साली निवर्तल्या. त्यांचा उपाय कोणाला पटो वा न पटो, त्यांनी बोट ठेवले होते ते दुखणे खरे होते, ह्याची साक्ष कोणताही प्राथमिक शिक्षक देईल. कर्नाटकातील मराठी शाळांना पुस्तके कर्नाटकाची लागू असतात, त्यामुळे तो वाद आमच्या वर्गात पुस्तकाच्या रूपाने आला नाही. पण 'वीस दोन' हा नवा प्रयोग म्हणून ज्याची तेथे चर्चा चालली होती, तो 'इप्पत्तेरडु' ह्या रूपाने आमची मुले रोजच म्हणत होती.

शब्द विचाराला काय देतो?

येथे मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. शब्द बदलल्याने विचार बदलतो काय?

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ प्याजे ह्यांनी १९४१ साली मुलांच्या संख्याकल्पनेवर ग्रंथ लिहिला. त्यांचा एक प्रयोग कोणत्याही घरात करून पाहता येतो. चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडाव्यात. मूल म्हणते, दोन्हीकडे सारखे. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका ओळीतील चिंचोके लांब लांब सरकवावेत. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा म्हणते, लांब ओळीत जास्त. त्याला दहापर्यंत मोजता येत असले तरीही! तात्पर्य, संख्येचे नाव येणे आणि संख्या कळणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्याजे ह्यांच्या मते विचार कृतीतून उगवतो आणि भाषा त्याच्या मागोमाग येते.

रशियाचे लेव्ह विगॉट्स्की ह्यांनी दुसरी बाजू मांडली. क्षयाने अकाली गेलेल्या ह्या विद्वानाचा 'विचार आणि भाषा' हा ग्रंथ १९३४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. लहान मूल एकटे खेळताना स्वतःशीच बडबडते, हे आपण सारे पाहतो. ती बडबड निरर्थक नसते असे त्यांनी दाखविले. मूल चित्र काढीत असताना हवी ती पेन्सिल मुद्दाम नाहीशी केली, म्हणजे अडचण निर्माण केली, की स्वतःशी बोलणे जवळजवळ दुपटीने वाढते असे त्यांना आढळले. मूल बोलून बोलून मार्ग काढते. पुढे हेच मोठ्याने बोलणे हळू होते, पुटपुटणे होते आणि अखेर मुके होऊन आत जाते; त्यालाच आपण विचार म्हणतो. वर्गात 'मुकाट्याने गणित करा' असे सांगण्याची जुनी रीत आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला मुकाट्याने विचार करावयास सांगणे म्हणजे हातातली काठी काढून घेऊन डोंगर चढावयास सांगणे होय.

ब्राझीलच्या अरण्यातील पिराहा आणि मुंडुरुकू ह्या जमातींवरील दोन संशोधने २००४ साली प्रसिद्ध झाली. पिराहांच्या भाषेत मोजणीची नावे नाहीतच म्हणण्याइतकी थोडी. मुंडुरुकूंची नावे पाचाच्या आसपास संपतात. ह्या लोकांना दोन ढिगांतील मोठा कोणता हे आपल्याइतकेच चांगले सांगता येते. पण नेमकी किती ही गोष्ट, संख्या थोडी वाढताच, त्यांच्या हातून निसटते. ह्यावरून एवढे म्हणता येते की अंदाज ही निसर्गाची देणगी आहे, आणि नेमकेपणा ही भाषेची. संख्येचे नाव म्हणजे नुसते लेबल नव्हे. ते विचाराच्या हातातले अवजार आहे. अवजाराची मूठ ओबडधोबड असेल तर कामाला वेळ लागतो, एवढेच.

आपल्या भाषेची कमाई

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मराठी ही गणिताला अडचणीची भाषा आहे. हे मात्र खरे नव्हे. जी नावे आरंभी मुलाला अडवितात तीच पुढे त्याच्या उपयोगी पडतात. एकोणतीस आणि पंधरा ह्यांची बेरीज करावयाची आहे. नावाचा अर्थ ज्याला उलगडला त्याला हिशेबाची युक्ती नावातच सापडते : तीस आणि पंधरा पंचेचाळीस, त्यातून एक उणा, चव्वेचाळीस. दुकानात एकोणपन्नास रुपयांच्या तीन वस्तू घेतल्या तर पन्नास त्रिक दीडशे, उणे तीन, एकशे सत्तेचाळीस. कूटप्रश्न सोडविण्याच्या मानसशास्त्रात ज्याला प्रश्नाची नवी मांडणी करणे म्हणतात, ती मांडणी आपल्या पूर्वजांनी शब्दातच करून ठेवली आहे.

अपूर्णांकांत तर मराठीची श्रीमंती पाहण्यासारखी आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. कन्नडमध्ये दीड म्हणजे 'ओंदूवरे', एक आणि अर्धा. आपल्याकडे दीड आणि अडीच ह्यांना स्वतःची नावे आहेत. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असलेला माणूस बाजारात कागद-पेन्सिलीवाचून भाव करीत असे. पाठांतराची टिंगल करण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. पण 'बे एके बे, बे दुणे चार' ह्या लयीने मनाचा भार हलका होतो आणि मोकळे झालेले लक्ष उदाहरणाच्या अर्थाकडे वळविता येते. मात्र क्रम महत्त्वाचा : आधी अर्थ, मग पाठांतर. अर्थाविना पाठांतर म्हणजे कुलूप नसलेल्या किल्ल्यांचा जुडगा.

तीन भाषांचे ओझे?

सीमाभागातील आणि एकूणच महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांतून एक भीती वारंवार बोलून दाखविली जाते : घरी मराठी, शेजारी दुसरी, शाळेत तिसरी, मुलाच्या डोक्यात गोंधळ नाही का होणार? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञही असेच समजत. १९६२ साली एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट ह्यांनी कॅनडातील मॉन्ट्रिअल शहरात दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुले बुद्धीच्या कसोट्यांत एकभाषिक मुलांच्या मागे तर नव्हतीच, उलट पुढे आढळली. आपल्याकडे डॉ. अजित मोहंती ह्यांनी ओडिशातील कंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. आपली कुई भाषा टिकवून ओडिया शिकलेली मुले, कुई विसरून केवळ ओडिया बोलणाऱ्या त्याच जमातीच्या मुलांपेक्षा सरस ठरली. अशा लाभाचे प्रमाण किती ह्याविषयी संशोधकांत पुढे मतभेद झाले. परंतु दोन भाषांनी बुद्धीला हानी पोहोचते हे जुने मत मात्र मागे पडले.

आपल्याच मुलखातील उदाहरण हवे असेल तर सांगली जिल्ह्यातील कुपवार ह्या नावाने भाषाशास्त्रात प्रसिद्ध झालेले गाव आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन ह्यांनी १९७१ साली त्यावर निबंध लिहिला. तेथे पिढ्यान्‌पिढ्या कन्नड, मराठी आणि उर्दू शेजारी नांदत आल्या. कोणीही आपली घरची भाषा सोडली नाही. पण वाक्याची घडण एकमेकांच्या इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येई. शब्द आपापले राहिले, विचाराचा साचा सामाईक झाला. गोंधळ झाला असता तर हे शेतकरी आणि कारागीर शतकानुशतके व्यवहार कसे करते? भाषा म्हणजे एकाच कपाटात कोंबलेले कपडे नव्हेत की एक घातला म्हणजे दुसरा बाहेर पडावा.

हानी होते ती निराळ्या कारणाने. पहिली भाषा अर्धवट ठेवून दुसरी घातली, आणि तीही अर्धवट ठेवून तिसरी, तर मुलाला विचाराला टेकावयास एकही भक्कम भिंत उरत नाही. एलिझाबेथ स्पेल्की आणि साना त्सिव्हकिन ह्यांनी २००१ साली रशियन आणि इंग्रजी ह्या दोन्ही भाषा जाणणाऱ्या व्यक्तींना नवे हिशेब शिकविले. नेमकी उत्तरे त्यांना ज्या भाषेत शिकविली त्याच भाषेत ते चटकन देत. दुसऱ्या भाषेत वेळ लागे. अंदाजाच्या उत्तरांना मात्र भाषेचे बंधन नव्हते. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. तीस-चाळीस वर्षे इंग्रजीत कारभार केलेले गृहस्थ नोटांची गड्डी हाती आली की ओठातल्या ओठात मराठीत मोजू लागतात. जेथे पहिली उजळणी झाली तेथेच हिशेबाचे घर असते.

म्हणून माध्यमाचा निर्णय हा केवळ फीचा आणि गणवेशाचा निर्णय नव्हे. कर्नाटक शासनाने १९९४ साली प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून वा कन्नडमधून असावे असे धोरण आखले होते. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शासनाला अशी सक्ती करता येणार नाही, माध्यमाची निवड पालकांची, असा निर्णय दिला. न्यायालयाने अधिकार पालकांच्या हाती ठेवला. त्याबरोबर जबाबदारीही आली. कोणते माध्यम निवडावे हे आम्ही कोणाच्या घरात येऊन सांगणार नाही. पोटाचा आणि पुढच्या शिक्षणाचा विचार प्रत्येकाला करावाच लागतो, आणि मराठी शाळांच्या पटावरची नावे का घटत आहेत हे आम्हांला रोज हजेरी घेताना दिसते. एवढेच सांगावयाचे की मूल कोणत्याही माध्यमात जावो, ज्या भाषेत ते विचार करू लागले ती भाषा घरी पुरती पिकू द्यावी.

वर्गात आणि घरात

आमच्या वर्गात आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगतो. घरीही ते सहज करता येण्यासारखे आहे.

प्रथम नावाआधी वस्तू. दहा-दहा काड्यांच्या जुड्या आणि सुट्या काड्या. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या मुलाच्या हाती द्याव्यात. काड्या नसतील तर दहा रुपयांच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी ह्यांहून चांगले साधन नाही. लहान मुलाला पैशाचे महत्त्व सांगावे लागत नाही.

दुसरे, नावाची उकल. "पाच दहा आणि दोन, पन्नास आणि दोन, बावन्न." तिन्ही गोष्टी एका दमात म्हणावयाच्या. 'पन्नास आणि दोन' ही पायरी आहे, घर नव्हे. पायरीवरून आत गेले की 'बावन्न' आपले आपण जिभेवर बसते. म्हणून ह्या दोहोंत वैर मानण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. ज्या मुलांना कन्नड येते त्यांच्याकडून 'ऐवत्तेरडु' म्हणवून घ्यावे आणि विचारावे, ह्यात पन्नास कोठे आहे, दोन कोठे आहे? मग विचारावे, आता बावन्नात शोधा. मुले 'बा' आणि 'वन्न' असे तुकडे पाडून दाखवितात, आणि 'त्रेपन्न' कडे आपणहून वळतात. शेजारणीने दिलेला दिवा घेऊन आपल्याच घरातील अडगळ पाहावी, तसा हा प्रकार आहे. एका भाषेच्या उजेडात दुसरी दिसू लागते. दोन भाषांच्या मुलाची खरी मिळकत हीच.

तिसरे, मोठ्याने विचार. उत्तर चूक आले तरी खोडू नये. "कसं काढलंस ते सांग बघू" असे म्हणावे. सांगता सांगता अर्ध्याहून अधिक मुले आपली चूक स्वतः पकडतात. चूक पकडण्याचा तो आनंद बरोबर उत्तराच्या आनंदापेक्षा मोठा असतो.

चौथे, आणि हे घरच्यांसाठी : 'मठ्ठ' हा शब्द कोशात राहू द्यावा.

दूरच्या घरांसाठी

हे मासिक ज्या घरांतून वाचले जाते त्यांपैकी पुष्कळांतील मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. अशा मुलांच्या मराठीचा कोणता भाग आधी गळतो? आमचे निरीक्षण असे की नातीगोती, जेवण, देवधर्म ह्यांचे शब्द बराच काळ टिकतात. आधी जातात त्या संख्या. आजी म्हणते, "अगं, तुझे आजोबा बहात्तर वर्षांचे झाले," आणि नात विचारते, "आजी, बहात्तर म्हणजे सेव्हंटी टू?" सारे हसतात आणि प्रसंग मिटतो. पण संख्या गेली म्हणजे तिच्यामागून बाजारहाट, तिथी, वय, अंतर, घराचा जमाखर्च ही सारी बोलणी दुसऱ्या भाषेत सरकतात. मराठी मग प्रेमाची भाषा उरते, विचाराची राहत नाही. आणि जिच्यात विचार होत नाही ती भाषा पुढच्या पिढीला नुसती सणावारी नेसण्याची पैठणी होते.

त्यावर उपाय खर्चाचा नाही. जिना चढताना पायऱ्या मराठीत मोजाव्यात. भाजीचा हिशेब मुलाकडून मराठीत करवून घ्यावा. आजोबांनी नातवाला दिडकीचे आणि अडीचकीचे कोडे घालावे. चुकले तर 'सत्तर आणि दोन' अशी पायरी द्यावी, हसू नये. ज्या मुलाला 'सेव्हंटी टू' येते त्याला सत्तर आणि दोन हा क्रम आधीच ठाऊक आहे. अर्धे काम शाळेने केलेले आहे, उरलेले अर्धे माजघरात होणार आहे.

भाषा टिकविण्याच्या गोष्टी आपण सभासंमेलनांतून पुष्कळ करतो. त्या कराव्यातही. परंतु भाषा जिवंत आहे की नाही ह्याची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. घरातले मूल एखाद्या अवघड उदाहरणाशी अडले आहे, ओठ हलत आहेत, बोटे मोजली जात आहेत. अशा वेळी त्या ओठांवर कोणते शब्द आहेत हे जवळ जाऊन हळूच ऐकावे. तेथे 'बावन्न, त्रेपन्न, चोपन्न' ऐकू आले तर त्या घरातील मराठी सुखरूप आहे असे समजावे.